साडेबाराची उसंत

आमच्या गावच्या रेडिओ केंद्रावर सदतीस वर्षे बोललेल्या एका गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे. गावात त्यांना सर्व जण ‘साडेबारा’ म्हणत. भाजीवाली भर रस्त्यात हाक मारी, “अहो साडेबारा, छत्री विसरलात!” आणि ते निमूटपणे मागे फिरून छत्री घेत. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याने तर त्यांना कधी सुखाने पुढे जाऊ दिले नाही. “तुमच्यापायी माझा धंदा बसला. लोक म्हणतात, घड्याळ कशाला हवं, साडेबारा आहेत ना!” ते यावर फक्त हसत. माइकसमोर नसताना त्यांना बोलणे फारसे जमत नसे.

मी त्या केंद्रात चोवीस वर्षे झाडलोट केली व चहा केला. मी त्यांना भाऊ म्हणत असे आणि ते मला बाई म्हणत.

केंद्र म्हणजे कापडाच्या दुकानावरील दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड करडे कापड ठोकले होते. तेथे एक टेबल, एक माइक व एक कुरकुरणारी खुर्ची होती. जिन्याखाली पत्र्याची पेटी होती. लोक तिच्यात चिठ्ठ्या टाकत. कोणाचे कोण वारले, कोणत्या गल्लीत पाणी येणार नाही, कोणाची पिशवी कोठे सापडली, हे सर्व भाऊ दुपारी बारा वाजल्यापासून वाचीत. चिठ्ठी कितीही वेडीवाकडी असली तरी ते माणसाचे नाव कधी चुकले नाहीत.

शेवटी ते म्हणत, “दुपारचे साडेबारा झाले.” मग ते चष्मा काढून टेबलावर ठेवीत. टक् असा बारीक आवाज होई. मग एक श्वासभर काहीच नाही. त्यानंतर ते म्हणत, “जेवून घ्या.” आणि माइक बंद करीत.

ती श्वासभराची उसंत हा त्यांच्या कामाचा भाग होता, हे मला फार उशिरा समजले. जुने मालक आरंभी रागावले होते. “रिकामी हवा का ऐकवता हो लोकांना?” असे त्यांनी विचारले होते. भाऊ म्हणाले, “सवय आहे साहेब.” पुढे मालकांनाही तिची सवय झाली.

खरी गोष्ट मी त्यांच्या घरी पाहिली. बाराचा चहा देऊन मी घरी निघे आणि माझी वाट त्यांच्या दारावरून जाई. त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, स्वयंपाकघरात फळीवर रेडिओ ठेवून काम करीत. “साडेबारा झाले,” असे आतून आले की त्या हात पुसत. टक् झाले की रेडिओकडे पाहून म्हणत, “हो, वाढते.” मग रेडिओ म्हणे, “जेवून घ्या.” मला त्यांनी हसत सांगितले होते, “घरात या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिकडे मात्र अख्ख्या गावाला जेवायला बसवतात. मग मी तिथेच बोलून घेते.”

सात वर्षांपूर्वी वहिनींना विसर पडू लागला. प्रथम किल्ल्या, मग गल्ली, मग माणसे. दोन वर्षांत त्या भाऊंचा चेहराही ओळखेनाशा झाल्या. त्या त्यांच्याशी पाहुण्याशी बोलावे तशा अदबीने बोलत. “तुम्ही बसा ना. आमचे हे येतीलच.” भाऊ बसत. दुसरे काय करणार?

परंतु रेडिओतील आवाज त्या विसरल्या नाहीत. दिवसभर त्यांच्या तोंडात घास जात नसे. कोणी भरवू लागले तर त्या ओठ घट्ट मिटून घेत. साडेबाराला मात्र त्या “हो, वाढते” म्हणत, “जेवून घ्या” ऐकत आणि भाऊ केंद्रावर असत म्हणून मी वाढून पुढे केलेले ताट शांतपणे संपवीत. दिवसातून तेवढे एकच जेवण त्यांच्या पोटात जाई. त्यावर त्या जगत होत्या, असे लिहिले तर ते खोटे होणार नाही.

मागील वर्षी जुने मालक वारले. मुलांनी केंद्र एका मोठ्या कंपनीला विकले. नव्या मॅनेजरने आम्हा सर्वांना बाहेरच्या खोलीत बोलावले. माणूस वाईट नव्हता. त्याने सर्वांसाठी बिस्किटे आणली होती. त्याने सांगितले की यापुढे चोवीस तास गाणी लागतील, मधले बोलणे मुख्य कचेरीतून येईल, आणि चिठ्ठ्यांचा कार्यक्रम बंद होईल.

“मग कोण वारलं ते लोकांना कसं कळणार?” मी विचारले.

“मावशी, हल्ली सगळं फोनवर कळतं,” तो म्हणाला.

भाऊ सर्वांत शेवटी उठले. त्यांनी नोकरी मागितली नाही. ते म्हणाले, “मला फक्त साडेबाराचं वाक्य राहू द्या. पगार नको.” कारण विचारल्यावर त्यांनी तेही सांगितले. चोवीस वर्षांत माइकशिवाय इतके बोलताना मी त्यांना त्या दिवशीच पाहिले. मॅनेजरचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “काका, रोज यायची गरजच नाही. एकदा रेकॉर्ड करून टाकू. रोज बरोबर साडेबाराला लागेल. तुम्ही घरी काकूंजवळ बसा.”

भाऊंच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी विसरणार नाही. त्यांनी इस्त्रीचा सदरा घालून वाक्य बोलून दिले. चष्मा ठेवला, श्वास घेतला, सर्व नेहमीप्रमाणे केले. परतताना जिन्यात मला म्हणाले, “बाई, आता मी तिच्या शेजारी बसून ऐकणार. ती ‘हो’ कशी म्हणते ते मी कधी ऐकलेलंच नाही.”

पहिल्या दिवशी आम्ही दोघे वहिनींच्या दोन बाजूंना बसलो. ताट तयार होते. एक गाणे संपले, गादीची जाहिरात झाली आणि लगेच आवाज आला, “दुपारचे साडेबारा झाले जेवून घ्या,” आणि त्याला चिकटूनच दुसरे गाणे सुरू झाले.

वहिनींचे तोंड ‘हो’ म्हणण्यासाठी उघडले होते, ते तसेच राहिले. त्यांनी रेडिओकडे पाहिले. मग मला घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारले, “यांना घाई कोण करतंय? मागे कोणी उभं आहे का त्यांच्या?”

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ मला घेऊन केंद्रावर गेले.

मॅनेजरने पडद्यावर दाखविले. आवाज म्हणजे उंचसखल रेघा होत्या. त्याने समजावून सांगितले की अर्ध्या सेकंदापेक्षा मोठी शांतता संगणक आपोआप कापतो. ऐकणाऱ्याने दुसरे केंद्र लावू नये म्हणून हा नियम आहे, तो सर्व गावांना एकच आहे आणि मुख्य कचेरीतून चालतो.

“काका, तुमचा एकही शब्द कापलेला नाही. तिथे काहीच नव्हतं, तेवढंच गेलं.”

“तिथे उत्तर यायचं,” भाऊ म्हणाले.

“रेडिओवर उत्तर कसं येईल, काका?”

मॅनेजरने आमच्यासमोर कचेरीला फोन लावला, दोनदा विनंती केली आणि मान खाली घालून फोन ठेवला. तो म्हणाला, “इथे नवं घेतलं तरी संगणक ती शांतता कापणारच. जुनं रेकॉर्डिंग असेल तर द्या. मी वेगळ्या छोट्या यंत्रात घालून देतो. घरी लावा.”

हे ऐकून माझ्या मनात आशा आली. बाहेरच्या कपाटात फितींचे खोके होते. दररोजचा कार्यक्रम फितीवर घेऊन एक आठवडा ठेवण्याची केंद्राची पद्धत होती. मी कपाटाकडे निघाले, पण भाऊ जागचे हलले नाहीत.

“बाई, त्यात काही नाही,” ते म्हणाले.

तेव्हा मला आठवले. दर शनिवारी भाऊ स्वतः बसून आठवड्याच्या फिती पुसत आणि पुन्हा वापरायला ठेवत. मी त्यांची खोकी फडक्याने स्वच्छ करीत असे. केंद्राला अकरा वर्षांत नवी फीत विकत घ्यावी लागली नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. मालकांनी त्यासाठी त्यांचे सर्वांदेखत कौतुक केले होते. तरीही आम्ही प्रत्येक फीत लावून ऐकली. काहींत खरखर होती. बाकीच्या अगदी स्वच्छ होत्या. सदतीस वर्षे रोज बोललेले वाक्य कोठेही उरले नव्हते.

मग मीच एक उपाय सुचविला, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. मी म्हटले, रेडिओ बारीक करू आणि तुम्ही दाराआडून बोला. भाऊ दाराआड उभे राहिले. बरोबर साडेबाराला त्यांनी वाक्य म्हटले, तेच, तसेच. परंतु आवाज फळीवरून आला नाही, दाराकडून आला. वहिनी दचकल्या.

“बाहेर कोणीतरी यांची नक्कल करतंय,” त्या म्हणाल्या. भाऊ आत आले तेव्हा त्यांनाच त्या कळवळून सांगू लागल्या, “तुम्ही तरी बघा हो. त्याला हाकलून द्या. परत येऊ देऊ नका.”

“देतो हाकलून,” भाऊ म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी दार वाजवून बंद केले. त्यानंतर त्यांनी वहिनींसमोर बोलणेच सोडले, कारण त्यांचा आवाज कानावर पडला की वहिनी थरथर कापू लागत.

पुढे कंपनीने ते रेकॉर्ड केलेले वाक्यही काढून टाकले. डॉक्टर आले, पोटात अन्न घालण्याच्या नळीविषयी बोलले, काही महिन्यांची मुदत सांगून गेले. परिचारिका चमच्याने जे काही पाजते त्यातील निम्मे ओघळून जाते. वहिनींचे मनगट आता माझ्या दोन बोटांत मावते.

मी अजूनही दुपारी तेथे जाते. कालही गेले होते. रेडिओ बंद होता. मी सवयीने ताट वाढले. भाऊ शेजारी बसून वर्तमानपत्र पाहत होते. साडेबारा झाले असावेत. त्यांनी चष्मा काढला आणि नकळत टेबलावर ठेवला. टक् झाले.

वहिनींनी मान उचलली. त्या फळीकडे वळल्या, आणि मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते असे त्यांचे तोंड उजळले.

“हो,” त्या म्हणाल्या. “वाढते.”

आणि पुढच्या दोन शब्दांची वाट पाहत त्या बसून राहिल्या. भाऊंचे ओठ उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बोलावे तर त्या घाबरणार, न बोलावे तर त्या जेवणार नाहीत. त्यांनी ओठ मिटले आणि चष्मा हाताने झाकून धरला.

वहिनी बराच वेळ फळीकडे पाहत होत्या. ताट गार झाले, तेव्हा मी ते उचलून आत नेले.