गोदामांमागचं घरटं

कापड कारखान्यात लूमच्या पट्ट्यात बाबांचा हात चिरडला, त्या वर्षी आई तळ्याकाठच्या गवतातून बदकांची अंडी आणायची आणि आम्ही तीच खायचो. मी घरातली पहिली पदवीधर. यंदा वळ गावच्या गोदामांमागे तसंच बदकाचं एक घरटं दिसलं आणि मी ते राखायला बसले.

“बाय, कालेज करून बदकंच राखायची व्हती, त शेल्या काय वाईट व्हत्या?” आई म्हणाली, तरी सोबत बसली.

तेवढ्यात दोन कुत्रे आले. मादी पंख मोडल्यासारखी फरफटत त्यांना दूर नेऊ लागली. एकाने तिला धरून पिसं उपटली, दुसरा अंडी फोडू लागला. आईने दगडाने त्याचं तोंड रक्तबंबाळ केलं. “मुडद्या, एक बी अंडं ठेवनार न्हाय का?” पहिल्याला काठीने झोडपून मी मादी सोडवली.

काही दिवसांनी उरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली आणि मादीमागून तळ्यात उतरली.