वासराचा सड

हिरकणीवाडीतल्या आमच्या पाहुण्यांच्या खोल्यांना गरम पाणी हवं, म्हणून मी हीट पंप आणला. खाली धाकटा भाऊ राहतो, विजेचा मीटर दोघांत एकच. तो म्हणाला, "ह्यावरच चालव, वेगळा कशाला?" बिल फुगलं की भांडण ठरलेलं, हे मला दिसत होतं.

वरच्या वाडीवरून दूध घालणारी बाई पदराने चरवीचा काठ पुसत ऐकत होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून जरा जास्त दूध आणा."

"नाय रे. तीन सड आमचे, चौथा वासराचा. समदं एकत्र काढलं, तर कोन किती प्यालं कसं कळनार?"

मी भावाकडे पाहिलं. तो हसला.

हीट पंपाचा वेगळा मीटर बसला त्या सकाळी ती मान वर करून बघत राहिली.

"ह्यो वासराचा?"