कागदाच्या सोन्याखाली

आम्ही अमेरिकेत, बेलव्ह्यूत आणि बायकोची धाकटी बहीण सीमेपलीकडे, कॅनडात. दरवर्षी दसऱ्याला आम्ही गाडीने तिच्याकडे जायचो. "खरं सीमोल्लंघन तुमचंच," माझे साडू म्हणायचे, "पासपोर्ट दाखवून."

आमच्या भागात घरफोड्या झाल्या तेव्हा मी पिस्तूल विकत घेतलं. साडूंना फोनवर विषयच मिळाला.

"काय साडूबुवा, देव्हाऱ्यात ठेवलंय की उशाशी?"

"घर माझं, जागा माझी. राखायचा हक्कही माझाच."

"घर आमचंही आमचंच आहे. इथे सरकार पिस्तूल विकत घेऊ देत नाही, तरी घर अजून कोणी उचलून नेलं नाही."

"झाली यांची सोसायटीची मीटिंग सुरू," बायको आतून म्हणायची.

त्या वर्षी मेहुणी फार आजारी होती. ती आता बरी होणार नाही, हे आम्हाला कळलं होतं. दसऱ्याला गेल्यावर बायको तिच्याजवळच राहणार होती. सीमेवर झाडपाला नेऊ देत नाहीत, म्हणून तिने सोनेरी कागदाची आपट्याची पानं कापली आणि पुरणपोळ्यांच्या डब्यावर नीट रचून पिशवी भरली.

खंडेनवमीला मी पाटावर पाना, लॅपटॉप, गाडीची किल्ली मांडली आणि शेजारी पिस्तूल. पूजलेलं शस्त्र सीमोल्लंघनाला बरोबर न्यायचं, असं वडील सांगायचे. त्यांच्याकडे एक गंजका कोयता होता, तो घेऊन ते गावाच्या वेशीपर्यंत जायचे. दसऱ्याच्या सकाळी मी पिस्तूल लाल फडक्यात गुंडाळून बायकोच्या पिशवीच्या तळाशी सरकवलं. वडिलांची रीत, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे ते साडूंच्या टेबलावर ठेवून मला त्यांचा चेहरा पाहायचा होता.

नाक्यावर अधिकाऱ्याने विचारलं, शस्त्र आहे का? मी नाही म्हणालो. म्हाताऱ्या जोडप्याची पिशवी कोण उघडणार? त्यांनी उघडली. फडक्याला कुंकू लागलेलं होतं.

"ही पिशवी कोणी भरली?"

"मी," बायको म्हणाली. तिने खरं तेच सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरची पाटी वाचत राहिलो.

पिस्तूल जप्त झालं. ते लपवून आणल्याचा ठपका तिच्यावर बसला आणि तिला परत पाठवलं. पुढे तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा परत पाठवलं. मेहुणीत इकडे येण्याचं त्राण नव्हतं. बहिणीला बायकोने शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. "घाईत माझ्याच हातून पिशवीत गेलं," असं ती सगळ्यांना सांगायची. मी ते कधी खोडून काढलं नाही.

यंदा बायको गेली. साडू भेटायला आले. चहा घेताना म्हणाले, "ताईंच्या हातून चूक झाली, पण आमच्या हिने शेवटपर्यंत मनात धरलं नाही."

मग मात्र मला गप्प बसवेना. सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ताईंना माहीत होतं?"

"पिशवी तिने भरली होती. स्वतः त्यात काय ठेवलं नव्हतं, हे तिला माहीतच होतं."

ते उठले, कोट घातला. "अंधार पडायच्या आत नाका ओलांडायचाय," म्हणाले. मी दारापर्यंत पोचवायला निघालो, तर त्यांनी हातानेच मला तिथे थांबवलं.