मुगाचं पाणी

माझी पोरगी जगली ती अंबडच्या काकूंमुळं. मुंबईच्या दवाखान्यात रक्ताच्या कॅन्सरवर त्यांचा नातू आणि माझी पोरगी एकच औषध घेत होते. नातू उड्या मारायचा. पोरीचं तोंड सोलून निघालं.

"माझं मुगाचं पाणी पाजा, औषध बराबर पचतं," काकू साऱ्या वॉर्डाला सांगायच्या. मी सातवीत शाळा सोडलेला, मुकाट पाजलं. पोरगी सुकतच गेली.

तेव्हा काकू डॉक्टरांवर धावल्या, "माझं पाणी लागू पडंना, म्हंजे तुमच्याच औषधात खोट!"

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "काही मुलांच्या शरीराची ठेवणच जन्मजात अशी, की हे औषध साचून बाधतं," म्हणत डोस कमी केला. पोरगी जेवायला लागली.

"बघा, लागलं ना पाणी?" काकू म्हणाल्या.

त्या आता नातवाला घेऊन गावी गेल्यात. आम्हीही आमच्या गावी, परतूरला परतलो की अंबड गाठून ते बेचव पाणी त्यांच्यासमोर तांब्याभर पिणार आहे, हसत.