मी ‘नको’ म्हटलेली पिशवी

लातूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस.” म्हणजे फुफ्फुसाचा क्षयरोग. माझी पत्नी सुमन म्हणाली, “धूळ हाय हो ती, डॉक्टरसायेब. डाळीची.”

सुमन डाळ मिलमध्ये कामाला होती. तेथे दिवसभर नाकातोंडात भुकटी जाते, म्हणून संध्याकाळी गुळाचा खडा खाण्याची पद्धत आहे. तीन महिने ती खोकल्यावर गूळ खात राहिली आणि मी आठवणीने आणून देत राहिलो. आपल्या घरी खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, तर गुळावर विसंबू नका. स्प्युटमची, म्हणजे बेडक्याची, तपासणी करून घ्या.

औषधे दवाखान्यातूनच मिळाली, सहा महिन्यांची. नोंदणी करताना सिस्टरांनी माझा व्यवसाय विचारला. “शिक्षक,” मी म्हणालो. ते खरेच होते. रेणापूरजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत मी नऊ वर्षे मराठी शिकवतो आहे. पगार अद्याप सुरू झालेला नाही आणि घर सुमनच्या रोजंदारीवर चालते, हे मात्र मी सांगितले नाही.

“मग धान्याची पिशवी तुम्हाला लागायची न्हाई, सर,” सिस्टर म्हणाल्या. गरजू रुग्णांसाठी दात्यांकडून दरमहा डाळ, शेंगदाणे, तेल येत असे. मागे रांगेत माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील उभे होते. मी “नको” म्हणालो.

मिलच्या मालकांनी सुमनला बरी होईपर्यंत येऊ नको म्हणून सांगितले. तो महिना आम्ही भाकरी आणि ठेच्यावर काढला.

पुढच्या तपासणीत तिचे वजन दोन किलोंनी घटले होते. “नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. जेवणात काय असतं?” डॉक्टरांनी विचारले. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो.

“डाळीच्या मिलातली बाई हाय मी, अन् घरात डाळ न्हाई,” सुमन म्हणाली. “सरांचा पगार नऊ वर्सं झाली, वाटंतच हाय.” ती हसली आणि हसता हसता तिला ढास लागली.

त्या ढासेने मला उठवले. सिस्टरांच्या टेबलापाशी जाऊन मी म्हणालो, “पिशवीसाठी नाव लिहून घ्या. मला पगार मिळत नाही.” रांगेतल्या कुणीही मान वळवली नाही. सिस्टरांनी नाव लिहिले आणि एवढेच म्हणाल्या, “आधी सांगायचं की, सर.”

सहा महिन्यांनी बेडका निगेटिव्ह आला. सिस्टरांचे आभार मला नीट मानता आले नाहीत. ते येथे मानतो. सुमन पुन्हा मिलमध्ये जाते, आता तोंडाला फडके बांधून.

हल्ली कोणी व्यवसाय विचारला, की शिक्षक असल्याचे आणि पगार नसल्याचे मी एका दमात सांगतो. सुमन जवळ असली, की म्हणते, “एवढं बोलायला माझं दोन किलो गेलं.”