विधवांसाठी हळदीकुंकू

अगं, अशी जवळ ये बघू. एकाच लंडनात राहतेस आणि मावशीकडे वर्षातून एकदा उगवतेस, शोभतं का?

परवा इथल्या आपल्या बायकांनी हॉल घेऊन हळदीकुंकू केलं. तिकीट लावलेलं, पैसे गावाकडच्या विधवांना पाठवायचे. कुंकवाचं बोट भराभर रांगेतून फिरत होतं, ते नलूपाशी येऊन हवेतच थांबलं. तिचा नवरा दिवाळीत गेला ना. "तुम्ही बसा हं निवांत," असं गोड बोलून अध्यक्षीणबाईंनी तिला ओलांडलं आणि माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं. नलूनं पुढे केलेलं कपाळ हळूच मागे घेतलं.

मग त्याच बाई माइकवर म्हणाल्या, "आपल्या या भगिनींना समाज दूर लोटतो हो!" टाळ्या पडल्या. नलूनंही वाजवल्या.

दूरची दुःखं किती सोयीची असतात गं! ती शेजारच्या खुर्चीत येऊन बसत नाहीत. या परक्या देशात नलूला माणसं म्हणून आम्हीच होतो.

शुक्रवारी मी तिला जेवायला बोलावलंय. "आणखी कोण कोण आहे?" एवढंच तिनं घाबरत विचारलं. मी फक्त तुझं नाव सांगितलंय. ये हं नक्की.