बंदराच्या फाटकावरची शेळी

जिवंत जनावरांच्या निर्यातीविरुद्ध आम्ही बंदराच्या फाटकाबाहेर घोषणा देत होतो. आखातात जाणाऱ्या जहाजासाठी शेळ्या घेऊन निघालेला ट्रक आम्हीच रणरणत्या उन्हात अडवून ठेवला होता. जहाजातल्या जनावरांच्या तहानेबद्दल ओरडून ओरडून आमचे घसे कोरडे पडले, की आम्ही बाटलीतलं गार पाणी पीत होतो. समोर धापा टाकणाऱ्या शेळ्यांसाठी बादलीभर पाणी आणायचं मात्र एकालाही सुचेना. डोंबलाचा कळवळा! दूरच्या दुःखासाठी आम्हाला रडू येतं, हाताशी आलेलं दुःख दिसतच नाही.

तेवढ्यात एका शेळीनं फळ्यांमधून तोंड बाहेर काढलं आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या हातातला ‘आम्हाला जगू द्या’ लिहिलेला पुठ्ठा भराभर खायला घेतला. बाईंनी तो हिसकावला.

“अगं, थांब की! फोटो व्हायचाय अजून.”

शेळी रिकामंच तोंड हलवत राहिली.